ठिणगी दोषी की इंधन? : जुन्या मोटारगाडीतील प्रज्वलन-समयाच्या दोषनिदानाचा इतिहास

प्रास्ताविक

मोटारगाडीविषयी आपल्याकडे झालेले ऐतिहासिक लेखन प्रामुख्याने कारखानदारांचे, परदेशी करारांचे आणि सरकारी परवान्यांचे लेखन आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना कशी केली, १९५० च्या दशकातील संरक्षणात्मक धोरणामुळे शिवडीतील जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना कसा बंद पडला, यांसारख्या विषयांची चर्चा झालेली आहे. परंतु गाडी कारखान्याबाहेर पडल्यावर वीस-पंचवीस वर्षे चालते, वारंवार बिघडते आणि वारंवार दुरुस्त होते, या वस्तुस्थितीला इतिहासलेखनात फारसे स्थान मिळालेले नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास हा केवळ नवनिर्मितीचा नसून वापराचा व देखभालीचाही असला पाहिजे, असे आग्रहाने मांडले. प्रस्तुत निबंधात त्या दृष्टीने एका अगदी लहान वाटणाऱ्या दोषाचा विचार केला आहे. तो दोष म्हणजे इंजिनातील ठिणगीची वेळ चुकणे. गॅरेजमध्ये याला 'टायमिंग आउट झाले' असे म्हणतात.

वेळ चुकली असे आपण म्हणतो तेव्हा ती कशाच्या तुलनेत चुकली, हा प्रश्न विचारावा लागतो. कारखान्याच्या पुस्तिकेत अंशांमध्ये एक आकडा दिलेला असतो व त्याच्याशी तुलना करून निर्णय द्यावा, असे वरवर पाहता वाटते. मात्र तो आकडा विशिष्ट इंधन गृहीत धरून ठरविलेला असतो. इंधन बदलले की पुस्तिकेप्रमाणे अचूक असलेली वेळही प्रत्यक्षात चुकीची ठरते. म्हणून दोषनिदान करणाऱ्यापुढे नेहमीच एक पेच उभा असतो : दोष ठिणगीचा की इंधनाचा? हा पेच एकट्या मिस्त्रीचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अग्रगण्य अभियंत्यांपुढेही हाच पेच होता. त्याची त्यांनी केलेली सोडवणूक जगभरच्या हवेत शिसे मिसळण्यास कारणीभूत ठरली.

वेळ म्हणजे नेमके काय?

चार-धावी पेट्रोल इंजिनात दट्ट्या इंधन व हवेचे मिश्रण दाबत वर येतो आणि स्पार्क प्लगमधील ठिणगी ते मिश्रण पेटविते. सामान्य समजूत अशी की दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोचला की ठिणगी पडते. वस्तुतः ती त्याआधी पडावी लागते, कारण मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ज्योत पसरण्यास काही काळ लागतो. दट्ट्या वरचे टोक ओलांडून किंचित खाली उतरू लागला असता दाब सर्वाधिक असावा, म्हणजे त्या दाबाचे उपयुक्त कार्यात रूपांतर होते.

येथे एक साधे गणित उपयोगी पडेल. इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल तर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ४.८ अंश वळतो. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर त्याच एका मिलिसेकंदात तो १८ अंश वळतो. ज्वलनाला दोन मिलिसेकंद लागतात असे उदाहरणादाखल धरले, तर पहिल्या स्थितीत सुमारे १० अंशांची आणि दुसऱ्या स्थितीत ३६ अंशांची पूर्वतयारी हवी. प्रत्यक्षात वेग वाढल्यावर सिलिंडरमधील खळबळही वाढते व ज्वलन काहीसे त्वरेने होते, म्हणून फरक इतका टोकाचा राहत नाही. तरीही ठिणगीची एकच कायम वेळ सर्व वेगांना पुरत नाही, हे यावरून स्पष्ट होते. ठिणगी आवश्यकतेपेक्षा आधी पडली तर टायमिंग 'अ‍ॅडव्हान्स' झाले, उशिरा पडली तर 'रिटार्ड' झाले, असे म्हणण्याचा प्रघात आहे.

चालकाच्या हातातील दांडी

आरंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण वेळेवर नियंत्रणच नव्हते. गोटलिब डाइमलर यांच्या १८८३ च्या इंजिनात बाहेरून ज्योतीने तापविलेली नळी मिश्रण पेटवीत असे. मिश्रण पेटेल तेव्हा पेटेल. कार्ल बेन्झ यांनी विजेचा मार्ग धरला, पण बॅटरी लवकर संपत असे. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कार्यशाळेने १८९७ साली वाहनाच्या इंजिनाला मॅग्नेटो जोडून दाखविला आणि १९०२ साली त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास अनुरूप स्पार्क प्लग सिद्ध केला. ठिणगीला आता नेमकी वेळ देता येऊ लागली. ती कोणी द्यायची, हे मात्र ठरायचे होते.

ती जबाबदारी प्रथम चालकावर आली. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत सुकाणूच्या दांड्यावर डाव्या बाजूस एक लहान दांडी असे. गाडी सुरू करताना ती मागे ठेवायची, वेग घेतल्यावर पुढे सरकवायची, चढ लागला की पुन्हा थोडी मागे घ्यायची. इंजिनाचा आवाज ऐकून घ्यावयाचा हा निर्णय होता. तो घेता येणे हा गाडी चालविण्याच्या कौशल्याचाच भाग मानला जाई. दांडी पुढे राहिली आणि त्याच स्थितीत हँडल मारले तर दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच स्फोट होऊन इंजिन उलटे फिरे, हँडल उसळून मागे येई आणि मनगट किंवा हात मोडे. म्हणजे प्रज्वलन-समयाच्या दोषाची पहिली नोंद यंत्रावर होत नसून माणसाच्या हाडांवर होत होती.

बायरन कार्टर या मोटार-उद्योजकाचा १९०८ साली असाच हँडलचा तडाखा बसल्यानंतर मृत्यू झाला आणि त्यामुळे व्यथित होऊन कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लीलँड यांनी विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी कथा मोटारींच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. तिचे तपशील निरनिराळ्या कथनांत निरनिराळे आढळतात, म्हणून ती जशीच्या तशी स्वीकारणे योग्य नव्हे. तथापि बंद पडलेल्या गाडीची ठिणगी मागे घ्यायची राहून गेली होती, हा या कथेतील तपशील लक्षणीय आहे. त्या काळातील लोकांना हा दोष किती परिचयाचा होता, हे त्यावरून दिसते.

डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांनी प्रथम १९१० च्या कॅडिलॅकसाठी बॅटरीवरील प्रज्वलन-यंत्रणा दिली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये स्टार्टर, दिवे व प्रज्वलन यांची एकत्रित विद्युत-व्यवस्था आली. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही जी चौकडी पुढे साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल गाड्यांत राहिली, तिचा पाया केटरिंग यांच्या या रचनेत आहे. पुढील काळात डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरत्या वजनांची योजना झाली. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे जाते. त्यानंतर कार्ब्युरेटरमधील निर्वात ओढीवर चालणारा पडदा आला, त्याने इंजिनावरील भाराचाही हिशेब घेतला. सुकाणूवरची दांडी नाहीशी झाली. तीबरोबर चालकाला असलेले वेळेचे भानही हळूहळू गेले आणि ते गॅरेजमधील मिस्त्रीकडे आले.

एका चुकीच्या आरोपाची गोष्ट

केटरिंग यांची यंत्रणा असलेल्या गाड्या चढावर किंवा जोर लावताना आतून टकटक असा धातूचा आवाज करीत. आपण ज्याला 'नॉकिंग' म्हणतो ते हेच. प्रतिस्पर्ध्यांनी याचे खापर बॅटरीवरील नव्या प्रज्वलन-यंत्रणेवर फोडले. ठिणगी भलत्या वेळी पडते म्हणून इंजिन खडखडते, असे त्यांचे म्हणणे होते. हा आरोप सकृद्दर्शनी पटण्यासारखा होता, कारण ठिणगी मागे घेतली की आवाज खरोखरच थांबतो. एखादी गोष्ट बदलल्यावर लक्षण नाहीसे झाले, म्हणून तीच गोष्ट त्या लक्षणाचे कारण होती, असे मानण्याची चूक दोषनिदानात फार सहज होते. इतिहासाच्या अभ्यासकांनाही ती अपरिचित नाही.

केटरिंग यांनी १९१६ साली हा प्रश्न थॉमस मिडग्ली या तरुण अभियंत्याकडे सोपविला. मिडग्ली यांनी सिलिंडरमधील दाबाचे क्षणोक्षणीचे चित्र टिपणारे उपकरण वापरून पाहिले. दाबाची ती अनियंत्रित उसळी ठिणगीच्या आधी येत नसून ठिणगी पडून गेल्यावर येते, असे आढळले. ठिणगी आपले काम योग्य रीतीने करीत होती. ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपसूक पेटत होते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांचे संशोधनही याच दिशेने चालले होते. त्यामुळे ठिणगी निर्दोष ठरली आणि दोष इंधनाकडे गेला.

येथपर्यंतचे निदान निर्दोष होते, पण उपचार घातक निघाला. ९ डिसेंबर १९२१ रोजी मिडग्ली व त्यांच्या सहकाऱ्यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण आढळला. ते पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे असे पेट्रोल विक्रीस आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार मरण पावले. १९२५ साली वॉशिंग्टन येथे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने चर्चा झाली, काही काळ विक्री थांबली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. विशेष असे की, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते, हे मिडग्ली यांना ठाऊक होते आणि त्यांनी तशा इंधनाचे प्रात्यक्षिकही केले होते. तथापि अल्कोहोल मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि त्यावर कोणाला पेटंट मिळणार नव्हते. शिशाचे काही थेंब पुरत होते आणि त्यांचे हक्क राखून ठेवता येत होते. निवड कोणत्या विचाराने झाली, हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जगात मोटारगाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री पूर्णपणे थांबण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. अल्जीरियातील शेवटचा साठा जुलै २०२१ मध्ये संपला.

कुर्ल्याची फियाट आणि मिस्त्रीचा क्रम

मुंबईच्या संदर्भात या दोषाचा इतिहास पाहावयाचा तर फियाट ११०० इतके योग्य उदाहरण दुसरे नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकात तिची बांधणी सुरू झाली. १९६४ साली 'डिलाइट' आली आणि पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, १-३-४-२ असा ठिणगीचा क्रम आणि पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर, ही तिची मूळ रचना कित्येक दशके टिकून राहिली. काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती दिवसरात्र, आळीपाळीने दोन-दोन चालकांच्या हाती चालत असे. त्यामुळे तिच्या दोषनिदानाची एक पक्की रीत गॅरेजांतून तयार झाली. ती पुस्तिकेशी विसंगत नव्हती, मात्र ती पुस्तिकेपुरती मर्यादितही नव्हती.

तक्रार साधारणपणे दोन प्रकारची असे. 'गाडी उचलत नाही, गरम होते, पेट्रोल खाते' ही पहिली. हे ठिणगी उशिरा पडत असल्याचे लक्षण होय. ज्वलन लांबते, उष्णता कार्यात न येता सिलिंडरच्या भिंतीत व धुराड्याच्या नळीत जाते, आणि बोरघाट चढताना रेडिएटर उकळू लागतो. 'चढावर टकटक वाजते, गरम असताना स्टार्टर अडतो, झटका देतो' ही दुसरी तक्रार, आणि ती ठिणगी फार आधी पडत असल्याची सूचक. मात्र पहिल्या तक्रारीतील प्रत्येक लक्षण कार्ब्युरेटरचा जेट तुंबून मिश्रण पातळ झाले असतानाही दिसते, कारण पातळ मिश्रण सावकाश जळते. दुसरीतील टकटक हलक्या पेट्रोलमुळेही येते. म्हणून जाणता मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला लगेच हात लावीत नसे.

तो प्रथम प्लग काढून त्यांचा रंग पाही. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट पाही. पॉइंट जळून निळसर झाले असतील किंवा एका बाजूस खड्डा व दुसरीकडे टेंगूळ आले असेल, तर कंडेन्सरवर संशय घेतला जाई. नंतर पॉइंटमधील अंतर मोजायचे. ते साधारणपणे ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावे लागते; फिलर गेज हाताशी नसेल तर जाड कार्डाच्या तुकड्यावरही काम भागविले जाई. हे अंतर आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. अंतर वाढविले की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी पुढे जाते. कमी केले की ठिणगी मागे येते. जो आधी टायमिंग लावतो आणि मग पॉइंट सारखे करतो, त्याने आपल्याच हाताने टायमिंग पुन्हा बिघडविलेले असते. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच रोज किंचित झिजते, म्हणून अंतर घटत जाते आणि ठिणगी दिवसेंदिवस उशिरा पडू लागते. हा बदल इतका संथ असतो की चालकाला त्याची सवय होते. तो नकळत अ‍ॅक्सिलरेटर थोडा अधिक दाबतो आणि महिन्याच्या पेट्रोलच्या हिशेबातच काय तो फरक दिसतो. टॅक्सीवाल्याच्या बाबतीत तो फरक त्याच्या घरखर्चातून जात असे.

यानंतर पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या धावेत वर आणावयाचा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हळू फिरविले असता वारा अंगठ्याला ढकलतो, तीच दाबाची धाव. तेथून खुणेशी खूण जुळवायची आणि रोटर पहिल्या प्लगच्या वायरकडे पाहतो आहे ना, याची खात्री करायची. एक लहान बल्ब कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणाऱ्या तारेच्या टोकाला आणि इंजिनाच्या धातूला जोडून स्विच चालू केला की पॉइंट उघडताच तो पेटतो. डिस्ट्रिब्युटरची पकड सैल करून त्याचे शरीर रोटरच्या उलट दिशेने वळविले तर वेळ पुढे जाते, रोटरच्या दिशेने वळविले तर मागे. बल्ब पेटण्याचा क्षण खुणेवर आला की पकड आवळायची.

इतके करूनही तक्रार राहिली तर दोष आणखी आत आहे असे समजावे. रोटर हाताने थोडा पिळून सोडला असता तो स्प्रिंगने परत यावयास हवा. येत नसेल तर आतील वजने गंजून अडकली आहेत आणि वेग वाढला तरी ठिणगी पुढे सरकत नाही. निर्वात पडद्याची नळी तोंडात धरून ओढली असता आतील पट्टी हलली पाहिजे. हलत नसेल तर पडदा फाटला आहे. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला खेळ आला असेल तर दर फेऱ्याला वेळ वेगळी लागते आणि स्ट्रोबच्या प्रकाशात खूण एका जागी न थांबता थरथरते. टायमिंगची साखळी सैल पडली असेल तर ठिणगीबरोबर झडपांची वेळही मागे गेलेली असते. तेथे डिस्ट्रिब्युटर कितीही वळविला तरी अर्धाच दोष झाकला जातो. शेवटची परीक्षा रस्त्यावर. वरच्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला असता क्षणभर हलकी किणकिण होऊन विरून गेली तर टायमिंग नीट आहे, असा संकेत होता. याची नोंद कागदावर होत नसे, कारण मोजमापाचे साधन कान हेच होते.

इंधन बदलले, आकडा तोच राहिला

या क्रमातून एक गोष्ट ध्यानात येते. मिस्त्रीने अखेर पक्के केलेले टायमिंग हे पुस्तिकेतील आकड्याशी तंतोतंत जुळणारे नसून त्या शहरातल्या, त्या काळातल्या पेट्रोलशी जुळणारे असे. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाली की त्याची नॉकिंग सहन करण्याची क्षमता घटते. अशा वेळी गाडी चालती ठेवण्याचा एकच स्वस्त उपाय हाताशी होता : टायमिंग दोन-तीन अंश मागे घेणे. आवाज थांबे, पण गाडी गरम होई आणि अधिक पेट्रोल खाई. भेसळ करणाऱ्याचा नफा अशा रीतीने चालकाच्या इंजिनातून वसूल होत होता. भेसळीच्या या व्यवहाराचे खरे स्वरूप किती हिंस्र होते, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले तेव्हा महाराष्ट्राने पाहिले. मागे घेतलेले टायमिंग हा त्याच व्यवहाराचा एक मूक पुरावा आहे. मात्र तो कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

नंतरचे दोन बदल शासन व न्यायालय यांच्या निर्णयांतून आले. १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. केटरिंग-मिडग्ली यांच्या उपचाराचा प्रवास भारतात असा संपला. जुन्या फियाटवाल्यांमध्ये तेव्हा झडपांच्या बैठका झिजतील अशी चिंता होती आणि ती निराधार नव्हती, कारण शिशाचा थर त्या बैठकांना संरक्षण देत असे.

दुसरा बदल सीएनजीचा. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरमने मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या ओघात जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि काही वर्षांत मुंबईच्या बहुसंख्य टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी आली. नैसर्गिक वायू नॉकिंगला पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक दाद न देणारा आहे, पण तो सावकाश जळतो. म्हणून त्याला ठिणगी अधिक आधी लागते. पेट्रोलला योग्य असलेल्या टायमिंगवर सीएनजीची गाडी मंद पडे आणि सीएनजीसाठी पुढे नेलेल्या टायमिंगवर, गॅस संपल्यावर पेट्रोल चालू केले की ती खडखडे. एकाच डिस्ट्रिब्युटरला दोन इंधनांचे दोन आकडे एकाच वेळी देता येत नाहीत. या अडचणीवर मिस्त्रींनी जी तडजोडीची जागा शोधली ती प्रत्येक गॅरेजची वेगळी होती. टॅक्सी पेट्रोलवर किती वेळा चालते हे विचारूनच ती ठरवावी लागे. अशा तडजोडीचा उल्लेख फियाटच्या पुस्तिकेत असणे शक्यच नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने हे दुय्यम दर्जाचे 'जुगाड' नसून स्वतंत्र तांत्रिक ज्ञान होय.

याच काळात नव्या गाड्यांत हा प्रश्न संगणकाकडे गेला. इंजिनाच्या ठोकळ्यावर बसविलेला नॉक सेन्सर कंपने टिपतो आणि खडखड होताच नियंत्रक यंत्र ठिणगी काही अंश मागे घेते. मिस्त्री कानाने जे करी तेच हे यंत्र दर क्षणी करते. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, आणि पॉइंटच्या डिस्ट्रिब्युटरवर पोट असणारी गॅरेजेही त्याआधीच विरळ झाली होती. या मिस्त्रींच्या मौखिक मुलाखती घेणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे काम आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या इंधनावर, टायमिंग किती पुढे अथवा मागे ठेवत होता, एवढा एक प्रश्न जरी पद्धतशीर विचारला, तरी शहरात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या पेट्रोलच्या प्रतीचा एक पर्यायी इतिहास हाती येऊ शकेल.

जतन केलेल्या जुन्या गाड्यांपुढे मात्र हा पेच पुन्हा उभा आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेले वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. मिडग्ली यांनी बाजूस ठेवलेले अल्कोहोल शंभर वर्षांनी परत आले, असे म्हणता येईल. त्याची नॉकिंग सहन करण्याची क्षमता जुन्या पेट्रोलपेक्षा चांगली आहे, म्हणून टायमिंग मागे घेण्याचे कारण राहत नाही, उलट ते थोडे पुढे नेण्यास वाव मिळतो. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भागच लागते. कार्ब्युरेटरचा जेट मात्र जुन्या हिशेबाने पाडलेला असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होते. त्यातच इथेनॉल टाकीतील जुना गाळ सोडवून जेटपर्यंत आणते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करते. परिणामी गाडी उचलत नाही आणि गरम होते, म्हणजे उशिरा पडणाऱ्या ठिणगीची सारी लक्षणे दाखवते. मालक गॅरेजमध्ये येऊन टायमिंग तपासण्यास सांगतो. त्याच्या सांगण्यावरून डिस्ट्रिब्युटर पुढे वळविला तर काही दिवस गाडी बरी वाटेल. मिश्रण मात्र पातळच राहील, प्लग पांढरे पडतील आणि झडपा जळू लागतील. अशा गाडीचा डिस्ट्रिब्युटर आहे तिथेच ठेवून आधी प्लगचा रंग पाहावा, टाकी व नळ्या साफ कराव्यात, जेट एक माप मोठा घालावा आणि मगच पॉइंटला फिलर गेज लावावे.